लस टोचली होती, तरी पिल्लांच्या अंगात आठवण का राहिली नाही?

कादवाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात राहतो. घरची द्राक्षबाग आहे, तिला जोड म्हणून चार वर्षांपूर्वी वराहपालन सुरू केलं. आज लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या बारा माद्या आणि दोन नर आहेत. सुरुवातीला गावात बरंच ऐकून घ्यावं लागलं, आता बागेला खत मागायला तेच लोक येतात.

मागच्या थंडीत दोन माद्या चार दिवसांच्या फरकाने व्यायल्या. दोघींची मिळून एकोणीस पिल्लं. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना स्वाइन फीवरची (डुकरांच्या विषाणूजन्य तापाची) लस टोचून घेतली. टोचणाऱ्याने सांगितलं, जितकी लवकर तितकी बरी. अकराव्या आठवड्यात एक पिल्लू खायला उठेना. अंग तापलेलं. दुसऱ्या दिवशी चार-पाच पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडली. कान आणि पोट जांभळं पडलं, मागचे पाय लटपटायला लागले. पंधरा दिवसांत नऊ गेली. नमुने तपासून आले, स्वाइन फीवरच निघाला.

मुलगी बारावीला आहे. तिच्या पुस्तकात 'मदतनीस टी पेशी' आणि 'स्मृती पेशी' असे शब्द वाचले. लस म्हणजे शरीराला रोगाची ओळख करून देणं, एवढं समजतं. मग ती ओळख आठ आठवड्यांत पुसली कशी गेली? डुकराच्या अंगात या पेशी तयार कुठे होतात, जाणत्या कधी होतात, आणि आठवण धरतात म्हणजे नेमकं काय करतात? दोष कोणाचा हे काढायचं नाहीये. पुढच्या वेताला हीच चूक व्हायला नको, एवढ्यासाठी विचारतोय.

मिसळ_पंचवटी | सोमवार, रात्री ११:०५

नऊ पिल्लं म्हणजे फार मोठा फटका. विषयातलं काही कळत नाही, पण प्रश्न चांगला आहे. वाचतोय.

गोठा_सिन्नर | मंगळवार, सकाळी ६:१०

आमच्या गायींचा अनुभव सांगतो. वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर पुढे सहा महिने त्याचं रडगाणं चालू राहतं. तुमच्या पिल्लांनी चीक नीट प्यायला होता का? मला वाटतं चूक लसीत नसेल, चिकात असेल.

कादवाकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

@गोठा_सिन्नर, दोन्ही वेतांना रात्रभर शेडमध्ये होतो. बाहेर पारा सहावर, आत गोणपाट लावून दिवे पेटवलेले. प्रत्येक पिल्लू पुसून स्वतःच्या हाताने सडाला लावलं. चीक सगळ्यांनी घेतला, कोणी कमी कोणी जास्त.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी २:१५

मी दहा वर्षं डुकरांच्या पांढऱ्या पेशींवर प्रयोगशाळेत काम केलं, आता नाशकात शिकवतो. प्रश्न तीन भागांचा आहे, सवडीने तुकड्यातुकड्यात लिहितो.

या पेशी जन्मतात हाडांच्या मगजात आणि तयार होतात थायमस नावाच्या ग्रंथीत. माणसात ती छातीच्या हाडामागे असते. डुकरात तिचे पट्टे छातीपासून मानेच्या दोन्ही बाजूंनी थेट घशाजवळ जातात. कोवळ्या पिल्लाची मान उघडली तर श्वासनलिकेच्या कडेने फिकट गुलाबी, दाणेदार, बोटभर जाड पट्टा दिसतो, तोच थायमस. ही ग्रंथी कशासाठी असते हे जगाला १९६१ पर्यंत माहीत नव्हतं. जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली, ती पिल्लं साध्या संसर्गाने मरायला लागली, तेव्हा कळलं.

तुम्ही द्राक्षवाले आहात, तर पॅकहाउस डोळ्यासमोर आणा. थायमसमध्ये पेशींची प्रतवारी दोनदा होते. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एक ओळखखूण बाळगते, आणि रोगजंतूचा तुकडा त्या खुणेत धरूनच टी पेशीला दाखवला जातो. ती खूण ज्या कोवळ्या पेशीला वाचताच येत नाही ती पहिल्या प्रतवारीत बाद. जी पेशी स्वतःच्याच शरीराच्या तुकड्यांवर तुटून पडते ती दुसरीत बाद. शंभरातल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. आत असताना पेशीच्या अंगावर सीडी४ आणि सीडी८ अशी दोन्ही प्रथिनं असतात, बाहेर पडताना एकच उरतं. सीडी४ राहिलं ती मदतनीस. सीडी८ राहिलं ती बिघडलेल्या पेशींना मारणारी.

मदतनीस स्वतः कोणाला मारत नाही. बी पेशींना प्रतिपिंडं (जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं) बनवायला लावणं, मारेकरी पेशींना जोर देणं, भक्षक पेशींना चेतवणं ही तिची कामं. थायमसमधून बाहेर पडलेली मदतनीस पेशी तयार असते, पण तिने रोग पाहिलेला नसतो. तिला 'नवखी' म्हणू. तुमच्या पिल्लांत जन्मतः जवळजवळ सगळ्या नवख्याच होत्या.

राधाक्का | मंगळवार, दुपारी ३:४०

छान समजावलंत दादा. मी परिचारिका होते, आता निवृत्त. नवख्या पेशी तर माणसाच्या बाळातही असतात ना? मग डुकराचं वेगळं काय?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सायंकाळी ६:२०

राधाक्का, दोन मोठे फरक आहेत.

पहिला वारेचा. माणसात आईची प्रतिपिंडं वारेतून गर्भात उतरतात, बाळ थोडी शिदोरी घेऊनच जन्माला येतं. डुकरिणीच्या वारेत आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये सहा थर असतात. प्रतिपिंड पलीकडे जातच नाही. ११४ दिवस पोटात राहून पिल्लू बाहेर येतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. म्हणून @गोठा_सिन्नर यांचा चिकाचा मुद्दा शंभर टक्के खरा, गायीतही प्रतिपिंडं वारेतून जात नाहीत. पिल्लाचं आतडं पहिला दिवस-दीड दिवस प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं, मग ते दार बंद होतं. त्या पहिल्या दिवसात पिल्लाच्या पोटात साधारण पाव लिटर चीक जायला हवा. चिकातून आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही पिल्लाच्या रक्तात जातात, आणि त्या सख्ख्या आईच्याच जातात. म्हणून पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावायची झाली तर आधी स्वतःच्या आईचा चीक पाजून मग लावावीत.

दुसरा फरक आठवणीचा. त्यावर रात्री सविस्तर.

तर्कशुद्ध | मंगळवार, रात्री ८:००

थोडा विरोधी सूर लावतो. आठवण, ओळख, शिदोरी हे सगळं अलंकारिक झालं. मोजता येत नसेल तर त्याला विज्ञान म्हणू नये. एखाद्या डुकराला आठवण आहे की नाही हे दाखवायचं कसं?

गुळवेल | मंगळवार, रात्री ८:३५

प्रतिकारशक्ती कमी असेल तर लस काय करणार? आम्ही जनावरांना हळद आणि गुळवेलीचा काढा देतो. करून बघा.

पशुवैद्य_दिंडोरी | मंगळवार, रात्री ९:१०

@गुळवेल, भावना समजते. पण स्वाइन फीवरच्या विषाणूला काढा अडवत नाही, आणि काढ्याच्या भरवशावर लस चुकली तर अख्खी शेड रिकामी होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. हा विषाणू पांढऱ्या पेशींच्याच मुळावर उठतो. ताप चढायच्या आधीच रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी वगैरे पेशी, झपाट्याने घटतात, विषाणू ज्यांच्यात शिरलेला नाही अशा टी पेशीसुद्धा मरतात. सैन्य आधी गारद, मग गाव लुटलं जातं. मेलेलं पिल्लू उघडल्यावर मोठ्या आतड्यात शर्टाच्या बटणासारखे गोल व्रण आणि मूत्रपिंडावर बारीक लाल ठिपके दिसले की पोटात गोळा येतो.

कादवाकाठ, तुम्ही नमुने पाठवले हे फार चांगलं केलंत. आफ्रिकन स्वाइन फीवर बाहेरून अगदी असाच दिसतो, प्रयोगशाळेशिवाय वेगळा काढता येत नाही. आणि दोन्ही रोगांची खबर सरकारी दवाखान्याला देणं २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे इतरांसाठीही लिहून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ११:५०

@तर्कशुद्ध, रास्त प्रश्न. आणि याचं उत्तर डुकरात जितकं स्वच्छ मिळतं तितकं फार थोड्या प्राण्यांत मिळतं.

१९८७ साली आर्मिन साल्म्युलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की डुकराच्या रक्तात सीडी४ आणि सीडी८ दोन्ही अंगावर असलेल्या टी पेशी मोठ्या संख्येने फिरत असतात. माणसाच्या रक्तात अशा पेशी थोड्याच सापडतात. नंतर बऱ्याच जणांच्या कामातून उलगडा होत गेला. नवख्या मदतनीस पेशीवर फक्त सीडी४ असतं. तिने एकदा जंतू पाहिला, ती चेतली, की ती अंगावर सीडी८ ची अल्फा साखळी चढवते आणि चेतना ओसरल्यावरही उतरवत नाही. म्हणजे डुकरात अनुभवी मदतनीस पेशी नुसती खुणेवरून ओळखू येते.

दुसरी खूण सीडी२७. ही नवख्या पेशीवर असतेच. अनुभवी पेशींत मात्र दोन गट पडतात. ज्यांच्यावर सीडी२७ टिकून असतं त्या मुख्यतः रक्त आणि लसिका ग्रंथींतून फिरत राहतात. पुन्हा तोच जंतू आला की झपाट्याने वाढतात. यांना केंद्रीय स्मृती पेशी म्हणू. ज्यांच्यावरचं सीडी२७ गेलेलं असतं त्या पुढच्या चौकीवरच्या. फुप्फुसासारख्या जागी ठाण मांडतात आणि गरज पडताच इंटरफेरॉन गॅमा हे इतर पेशींना चेतवणारं प्रथिन सोडतात.

आता प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगतो. डुकराच्या वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवून धरायचं, तो किंचाळत असतानाच मानेच्या तळातून रक्त काढायचं. पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांना चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडं लावायची. मग फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरसमोरून एका रांगेत जाते आणि पडद्यावर एकेक ठिपका उमटतो. आडव्या रेषेवर सीडी८, उभ्या रेषेवर सीडी२७. नुसत्या मदतनीस पेशी निवडून घेतल्या की दोन दिवसांच्या पिल्लाचा ठिपक्यांचा पुंजका डावीकडे वर एकाच जागी घट्ट बसलेला असतो, उजवी बाजू मोकळी. सहा महिन्यांच्या जनावरात त्या पुंजक्यातून उजवीकडे एक ढग सरकलेला दिसतो. तीन-चार वेतं झालेल्या मादीत तो ढग उजवीकडे दाट होऊन खाली ओघळलेला असतो. पहिल्यांदा हे तीन पडदे शेजारी शेजारी पाहिले तेव्हा मी खुर्चीतून उठून मित्राला बोलावून आणलं होतं. जनावराचं आख्खं आयुष्य त्या ठिपक्यांत मांडलेलं होतं.

आणि हे नुसतं वयाने होत नाही. पूर्ण जंतुमुक्त पेटीत वाढवलेल्या पिल्लांत या दुहेरी खुणेच्या पेशी जवळजवळ नसतात. जंतूंशी गाठ पडली की त्या दिसायला लागतात.

तर्कशुद्ध | बुधवार, सकाळी ९:२०

हे पटलं. पण एक शंका. तुम्हीच वर लिहिलंत की थायमसमधल्या कोवळ्या पेशींवर दोन्ही प्रथिनं असतात. मग रक्तातली ही दुहेरी पेशी अर्धकच्ची, थायमसमधून निसटलेली नसेल कशावरून?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी १०:०५

उत्तम शंका, अनेक वर्षं याच मुद्द्यावर चर्चा झाली. थायमसमधल्या कोवळ्या पेशीवरचं सीडी८ हे अल्फा आणि बीटा अशा दोन वेगळ्या साखळ्यांचं असतं. रक्तातल्या अनुभवी मदतनीस पेशीवर दोन्ही साखळ्या अल्फाच असतात, बीटा नसते. शिवाय या पेशी जुन्या जंतूचा तुकडा दाखवला की लगेच कामाला लागतात, कच्च्या पेशीला ते जमत नाही.

काचपट्टी | बुधवार, दुपारी १:३०

मी ऊतींच्या काचपट्ट्या बनवायचं काम करते. या धाग्यामुळे एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी डुकराची लसिका ग्रंथी कापायला आली. पायाला जखम झाली की आपल्या जांघेत अवधाण येतं ना, तीच गाठ. गाय, कुत्रा, माणूस, सगळ्यांच्या ग्रंथीत बी पेशींचे गोल गोल पुंजके कडेला असतात आणि मधला भाग विरळ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तर पुंजके मध्यभागी आणि विरळ भाग बाहेर. मला वाटलं तुकडा बसवताना माझंच काही चुकलं. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, बाई गं, डुकराची ग्रंथी असते तशीच. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी २:१०

@काचपट्टी, वा! आणि ही उलटी रचना नुसती दिसायला नाही. इतर प्राण्यांत ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या टी पेशी लसिकेच्या नळीतून हळूहळू रक्तात पोचतात. डुकरात त्या ग्रंथीतल्याच बारीक शिरांच्या भिंतीतून थेट रक्तात उतरतात.

आठवण घडते ती याच ग्रंथीत. लस टोचलेल्या जागेवरून शाखाकृती पेशी विषाणूचा तुकडा उचलून जवळच्या ग्रंथीत येते. तिथून जाणाऱ्या लाखो नवख्या मदतनीस पेशींपैकी एखादीलाच तो तुकडा नेमका जुळतो. ती थांबते, फुगते, दुपटीने वाढत जाते. तिच्या वंशातल्या काही बी पेशींच्या पुंजक्यात शिरून त्यांना अधिक चांगली प्रतिपिंडं बनवायला शिकवतात, काही बाहेर लढायला जातात. काम झालं की बहुतेक मरतात. मागे राहतात थोड्या, त्या स्मृती पेशी. पहिल्या वेळी या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, दुसऱ्या वेळी थोडे दिवस पुरतात.

ओझरकर | बुधवार, सायंकाळी ५:००

अवांतर आहे, पण डुकराचं हृदय माणसाला बसवलं होतं ना? मग तिथेही हीच टी पेशींची भानगड का?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सायंकाळी ५:४५

हो, जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात. त्या डुकराच्या दहा जनुकांत बदल केलेले होते. रुग्ण सुमारे दोन महिने जगला. तिथे प्रश्न उलटा असतो, माणसाच्या मदतनीस पेशींनी डुकराच्या अवयवाला परका म्हणू नये यासाठी धडपड. पुढे त्या हृदयात डुकराचा एक सुप्त विषाणूही सापडला. म्हणून डुकराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा नीट समजणं आता माणसाच्या डॉक्टरांनाही गरजेचं झालंय.

वडाळा_नाका | बुधवार, रात्री ८:१५

आफ्रिकन स्वाइन फीवरचं काय? तीच लस चालते का? आमच्या ओळखीत एकजण हॉटेलांचं उरलेलं अन्न आणून डुकरांना घालतो.

पशुवैद्य_दिंडोरी | बुधवार, रात्री ९:००

नाही चालत. नावं सारखी असली तरी विषाणू पूर्ण वेगळे. आफ्रिकन स्वाइन फीवर आपल्या देशात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. माणसाला तो होत नाही. व्हिएतनामने २०२२ मध्ये एका लसीला परवानगी दिली, आपल्याकडे वापरात लस नाही. त्यामुळे शेडवर बाहेरचा माणूस, गाडी, उरलेलं अन्न येऊ न देणं हाच उपाय. तुमच्या ओळखीच्यांना सांगा, हॉटेलचं अन्न बंद करणं उत्तम, नाहीच जमलं तर चांगलं उकळून गार करून घाला. रोग यायला त्यात डुकराच्या मांसाचा एक तुकडा पुरतो.

संपादक_मंडळ | बुधवार, रात्री ९:३०

चर्चा सुंदर चालू आहे. धागाकर्त्याचा मूळ प्रश्न तिसऱ्या आठवड्यातल्या लसीचा होता, त्याकडे यावं ही विनंती.

राधाक्का | बुधवार, रात्री १०:२०

मला वाटतं मला उत्तर सापडलंय, चुकलं तर सांगा. आम्ही गोवराची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतो. आया विचारायच्या, ताई आधी का देत नाही? तर आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात तोवर ती लसीतल्या विषाणूला आल्या आल्या निकामी करतात. बाळाचं शरीर शिकतच नाही. कादवाकाठांच्या पिल्लांचं हेच झालं नसेल? चीक भरपूर, त्यात आईची प्रतिपिंडं भरपूर, आणि तिसऱ्याच आठवड्यात लस.

पशुवैद्य_दिंडोरी | बुधवार, रात्री १०:५०

राधाक्का, बरोबर नेम मारलात. स्वाइन फीवरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. त्याने पिल्लाच्या अंगात थोडंफार वाढायला हवं, तरच ग्रंथीतल्या मदतनीस पेशींपर्यंत पुरेसे तुकडे पोचतात. आईची प्रतिपिंडं साधारण दहा-बारा दिवसांत निम्मी होतात. तिसऱ्या आठवड्यात ती अजून भरपूर असतात. अकराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ संपतात. आईचं छत्र गेलं आणि स्वतःचं काही तयार झालेलं नव्हतं, नेमक्या त्या फटीत रोग शिरला.

म्हणून लस दिलेल्या मादीच्या पिल्लांना आम्ही साधारण दोन महिन्यांच्या सुमारास लस देतो आणि पुढे दरवर्षी. आईला लस दिलेली नसेल तर लवकर द्यावी लागते. आपल्या कळपाचा हिशोब आपल्या डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवा.

तर्कशुद्ध | बुधवार, रात्री ११:१५

म्हणजे प्रतिपिंडं तपासली की काम झालं. पेशींचं एवढं पुराण कशाला?

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ८:४०

याच्याशी मात्र मी सहमत नाही. पिल्लाच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर ती आईची की स्वतःची, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. कादवाकाठांच्या पिल्लांची चौथ्या आठवड्यात तपासणी झाली असती तर आकडा छान आला असता आणि सगळे निर्धास्त झाले असते. आईची प्रतिपिंडं ही उसनवारी आहे, रोज घटत जाते. मदतनीस पेशीवर सीडी८ चढलं आणि ती पेशी त्याच विषाणूच्या तुकड्याला जागी होते, हे दिसलं तर ती पिल्लाची स्वतःची कमाई. शिवाय स्वाइन फीवरची चांगली लस घेतलेली डुकरं रक्तात पुरेशी प्रतिपिंडं दिसायच्या आधीच, थोड्या दिवसांत संरक्षित होतात. तिथे टी पेशींचा वाटा मोठा आहे. प्रत्येक शेडवर ही तपासणी करा असं मी म्हणत नाही, ती महाग आहे. पण लस कधी द्यायची हे वेळापत्रक अशाच कामातून ठरतं.

कादवाकाठ, तुम्ही विचारलं होतं ओळख कुठे पुसली गेली. ती झालीच नव्हती.

गोठा_सिन्नर | गुरुवार, सकाळी ९:३०

म्हणजे चीक चांगला पाजला म्हणून लस वाया गेली? मी तर उलटं समजत होतो. चीक पाजायचाच नाही की काय मग?

पशुवैद्य_दिंडोरी | गुरुवार, सकाळी १०:००

नाही नाही, चीक पाजायचाच, पोटभर पाजायचा. चीक नसेल तर पिल्लू हगवणीने पहिल्याच आठवड्यात जाईल, दोन महिन्यांपर्यंत पोचणारच नाही. बदलायची ती लसीची तारीख.

आणि लसीबद्दल तीन गोष्टी, कारण चुका इथेच होतात. लस बर्फातच आणायची. एकदा पातळ केली की बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवायची. सिरिंज आणि सुई उकळून गार केलेली हवी, स्पिरिटने पुसलेली नको, स्पिरिटने लसीतला विषाणूच मरतो. अंगात ताप असलेल्या पिल्लाला टोचायचं नाही.

जुनी लस सशांमध्ये बनायची, वेब्रिज नावाच्या विषाणूपासून, १९६४ पासून आपल्याकडे तीच होती. एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम पन्नास डोस निघायचे. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनात वाढवलेली लस २०२० मध्ये दिली, त्यामुळे ससे मारायची गरज उरली नाही.

कादवाकाठ | गुरुवार, रात्री ९:५०

सगळं दोन-दोनदा वाचलं, मुलीलाही वाचायला दिलं. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. प्रत्येक पिल्लाच्या कानाला खाच असते, त्यामुळे कोण कोणाचं ते लिहिलेलं होतं. ही गोष्ट आधी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

पहिली मादी जुनी, तिचं ते चौथं वेत. तिला दरवर्षी लस. पिल्लं दहा, त्यातली आठ गेली. दुसरी पहिलारू, गाभण असतानाच बाजारातून आणलेली. तिला लस दिल्याचा कुठलाही कागद नव्हता आणि आणल्यावर मीही दिली नव्हती. पिल्लं नऊ, गेलं एकच.

त्या वेळी मला वाटलं होतं जुन्या मादीच्या रक्तातच काही खोट आहे. या वर्षी तिला विकायला काढणार होतो.

राधाक्का | गुरुवार, रात्री १०:०५

अहो, तिने तर पिल्लांना सगळ्यात जास्त दिलं होतं. विकू नका तिला.

पशुवैद्य_दिंडोरी | गुरुवार, रात्री १०:३०

वहीबद्दल शाबासकी. पहिलारूला लस नसेल तर तिच्या चिकात या रोगाची प्रतिपिंडं नव्हती, म्हणून तिच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यातली लस लागू पडली. पण त्याचा अर्थ माद्यांना लस देऊ नका असा कोणी काढू नये. त्या पिल्लांना पहिले तीन आठवडे कसलंच छत्र नव्हतं. रोग तेव्हा आला असता तर नऊच्या नऊ गेली असती.

तर्कशुद्ध | गुरुवार, रात्री १०:४५

माझा विरोध मागे घेतो. पण जुन्या मादीची ती दोन पिल्लं कशी वाचली?

कादवाकाठ | गुरुवार, रात्री ११:१०

ती दोन्ही सगळ्यात लहान होती. पिल्लं आपापला सड ठरवून घेतात, ही दोघं अगदी मागच्या सडांवर ढकलली गेलेली. पहिल्या रात्री त्यांच्या पोटात सगळ्यात कमी चीक गेला होता, मला चांगलं आठवतंय, कारण मीच त्यांना पुन्हा पुन्हा उचलून लावत होतो.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ११:३०

आईची प्रतिपिंडं कमी मिळाली, म्हणून लस त्यांच्यात रुजली असेल, असं म्हणता येतं. दोन पिल्लांवरून ठामपणे सांगणार नाही. पण ती अजून शेडवर असतील तर त्यांचं थोडं रक्त मला पाहायला फार आवडेल. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.

कादवाकाठ | शुक्रवार, पहाटे ४:५५

एक नर आहे त्यातला, विकलेला नाही. येत्या आठवड्यात या.

जुनी मादी रात्री दोन वाजता व्यायली. अकरा पिल्लं. सगळी सडाला लागली आहेत, दिवा चालू आहे. वहीत प्रत्येक खाचेपुढे चिकाची वेळ लिहिली आणि लसीचा रकाना मुलीने आठवड्यांचा हिशोब करून आजच पुढच्या तारखेने भरून ठेवला.

मिसळ_पंचवटी | शुक्रवार, सकाळी ७:१५

अभिनंदन! अकरांचे फोटो टाका.